अख्खे मासे

मेलेल्या माशाचा वास केसांतून तीन दिवस जात नाही. शॅम्पूने जात नाही, व्हिनेगरने जात नाही. आईने एकदा टोमॅटोचा रस चोळून बघितला, तर मला टोमॅटो घालून शिजवलेल्या मेलेल्या माशाचा वास यायला लागला. त्या पानगळीत शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा कायम रिकामी असायची आणि मी खुशाल पाय लांब करून बसायचे. दोन वर्षांपूर्वी मी रडले असते. दोन वर्षांपूर्वी मी हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायचे. पण गेल्या वसंतात शहरातल्या विज्ञान प्रदर्शनात मी नदीतल्या किड्यांवर तीनशे लोकांसमोर बोलले. पाच मिनिटं दिली होती, वीस मिनिटं बोलले, शेवटी त्यांना माइक बंद करावा लागला. तेव्हापासून माझं तोंड काही मिटलेलं नाही, असं वेंडलमामाचं म्हणणं. तो मला टिटवी म्हणतो.

वेंडलमामा आईचा थोरला भाऊ. आम्ही या नदीकाठचे मूळ रहिवासी, आमच्यात पोराला वळण लावायचं ते मामाने; बापाने फक्त लाड करायचे. माझा बाप लाड करायलाही थांबला नाही, त्यामुळे मामाने दोन्ही केलं. मत्स्य खात्यासाठी नेहाक नदीतले मासे मोजायचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे होतं. त्या वर्षी शाळेने मला दर शुक्रवारी नदीवर जायची परवानगी दिली, एक विषय म्हणून धरू म्हणाले, आणि मी त्याच्या हाताखाली लागले.

काम सांगायला सोपं. चम सॅमन जातीचे मासे समुद्रातून वर येतात, गोट्यांमध्ये अंडी घालतात आणि मरतात. सगळेच मरतात, एकही परत जात नाही. म्हणून मोजायचे ते मेलेले. पुलापासून नदीच्या मुखापर्यंत सहा किलोमीटर पाण्यातून चालायचं, मामा डाव्या काठाने, मी उजव्या. मासा दिसला की आकडीने ओढून घ्यायचा, नर की मादी बघायचं, मादी असेल तर पोट दाबून गाबोळी शिल्लक आहे का ते तपासायचं, वहीत रेघ मारायची. मग त्याची शेपूट कापून त्याला परत पाण्यात टाकायचं. शेपूट नसलेला मासा म्हणजे मोजलेला मासा. पुढच्या शुक्रवारी दिसला तर सोडून द्यायचा. आठ शुक्रवारांची बेरीज, तो वर्षाचा आकडा.

फक्त मामा शेपूट कापत नसे.

पहिल्या शुक्रवारी मी मोठ्या ऐटीत सुरी बाहेर काढली, तर पलीकडच्या काठावरून तो केवढ्यांदा ओरडला, "ए! आत ठेव ती!"

"अरे पण खात्याच्या फॉर्मवर लिहिलंय, शेपूट कापून—"

"फॉर्म लिहिणाऱ्याला कुणी पाय कापून घरी पाठवलंय का कधी?"

मी सुरी आत ठेवली. मला माहीत होतंच की. मासा पाहुणा असतो. त्याला खायचं, आणि त्याची हाडं एकूण एक गोळा करून नदीत सोडायची, म्हणजे तो समुद्रातल्या आपल्या घरी अख्खा पोचतो आणि बाकीच्यांना सांगतो की तिथली माणसं बरी आहेत. एक हाड कमी पडलं तर लंगडत जातो. सात वर्षांची असताना मी माळेत ओवायला एक मणका लपवला होता, तेव्हा मामाने सगळ्या घराला जेवणावरून उठवून तो शोधायला लावला होता. माझ्याच मोज्यात सापडला. त्या रात्री मला मासा मिळाला नाही आणि मणका मात्र मामाने कंदील घेऊन नदीवर पोचवला.

तर मामा मोजलेला मासा दोन्ही हातांनी उचलायचा आणि पाण्यात आडवा ठेवायचा, तोंड समुद्राकडे, शेपटीसकट. पाणी त्याला घेऊन जायचं. त्याच्या बापानेही असंच केलेलं. फॉर्मवर 'मोजलेल्या माशाची शेपूट कापली का?' असा रकाना होता, त्यात मामा अकरा वर्षं 'हो' करत आला होता.

"हे खोटं नाही का?" मी विचारलं.

"त्यांना विचारायचंय काय? मोजलेला मासा पुन्हा मोजत नाहीस ना? नाही मोजत. मग झालं की."

मला ते पटलं. खरं तर फार आवडलं. शहरातल्या कागदाला मामाने कसं गुंडाळलं, हे मी बसमध्ये दोघातिघांना सांगितलंही, लांबूनच, कारण जवळ कुणी बसत नव्हतं.

आणि त्या वर्षीच्या आकड्याकडे सगळ्या गावाचा डोळा लागलेला होता. सहा वर्षं नेहाकवर जाळी बंद होती. मासे नऊशेच्या वर लागोपाठ तीन वर्षं आले, तर चौथ्या वर्षी जाळी उघडणार, असं ठरलेलं. आदल्या दोन वर्षांचे आकडे नऊशे चौतीस आणि नऊशे अडुसष्ट. हे तिसरं. लाइलकाका आमच्या गावसभेचा प्रमुख; त्याच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहायला जागा उरली नव्हती, इतकी जाळी. येणाराजाणारा बसून जाळ्याची दोन फाटकी घरं ओवून द्यायचा. बायका माशांना धुरी द्यायच्या खोपटांची छपरं डागडुजी करून घेत होत्या. मी तर जाळं कसं टाकायचं हे विसरूनही गेले होते.

नुसत्या जेवणाचा हा प्रश्न नव्हता. मागच्या हिवाळ्यात लाइलकाकाची आई गेली. तेराशे मैलांवरून नातलग आले, आणि त्यांच्या ताटात आमच्या नदीकाठी बसून आम्ही डब्यातला मासा वाढला. साठ डबे. लाइलकाकाने ते स्वतः फोडले, लोकांकडे पाठ करून. मामा त्या दिवशी जेवला नाही.

मासे मोजायचे शुक्रवारी. बुधवारी मी ओडेटबरोबर नदी मोजायची. ओडेट मत्स्य खात्याची, पूर्वेकडून आलेली, बोलताना सगळे शब्द नाकातून काढायची. तिच्या एकटीकडे अकरा नद्या होत्या आणि एक छोटी गाडी, बाटल्यांनी भरलेली. प्रदर्शनात माइक बंद झाल्यावरही माझं उरलेलं ऐकून घेणारी ती एकटीच. नदीची तब्येत कशी बघतात हे तिने मला शिकवलं. डोळे मिटायचे, एक पाऊल टाकायचं, बुटाच्या टोकापाशी बोट खाली घालायचं आणि पहिला जो दगड लागेल तो उचलून मोजायचा. असे शंभर. चांगल्या नदीत अक्रोडापासून बटाट्याएवढे लागतात. त्यांच्या फटींतून पाणी खेळतं, त्या फटींत अंडी श्वास घेतात.

पुलाखाली मी शंभर पावलं टाकली. अठ्ठावन्न वेळा बोटाला दगड लागलाच नाही. नुसता गाळ, दळलेल्या पिठासारखा मऊ. वरच्या डोंगरावरची झाडं तोडून नेली तेव्हा केलेला रस्ता नऊ वर्षांपूर्वी खचला, तो अजून खाली येतोय. मग आम्ही गोटे उलटे करून किडे शोधले. जे किडे स्वच्छ, गार पाण्यातच जगतात, ज्यांच्यावर मी वीस मिनिटं बोलले होते, ते तीन मिळाले. बाकी सगळे लाल किडे. गटारात असतात ते. ऑक्टोबर अर्धा सरला तरी पाणी कोमट. आणि पाऊस नाही. ज्या डोहात मी पोहायला शिकले त्यात उभी राहिले, तर घोटा बुडेना.

ओडेटने गाडीच्या टपावर कागद ठेवून गुण मांडले. शंभरपैकी एकतीस.

"तीन वर्षांपूर्वी सत्तेचाळीस होते," ती म्हणाली. "नदी बघितली तर इथे दोनशेच्या वर मासे असायला नकोत. तुझ्या मामाचे आकडे मात्र चढतायत. मला काही कळत नाही."

"आमचे मासे चिवट आहेत."

"ते कुठल्या रकान्यात लिहू?" तिने विचारलं, आणि आम्ही दोघी हसलो.

चौथ्या शुक्रवारी मोठ्या ओंडक्याखाली मला एक मादी मिळाली. सीलने तिच्या खांद्याचा लचका तोडलेला, जुना, भरून आलेला, अगदी चंद्रकोरीसारखा. असल्या जखमेनिशी ती समुद्रातून वर आली होती, अंडी घालून मोकळी झाली होती. मी तिला ओरडून शाबासकी दिली. मामाने पाण्यात सोडली. पाचव्या शुक्रवारी ती पुन्हा होती. ओंडक्यापासून चाळीस पावलं खाली.

"मामा, ही गेल्या आठवड्यातली."

"गेल्या आठवड्यातली एव्हाना समुद्रात गेली. ही तिची बहीण."

"बहिणीलाही तिथेच चावला?"

"सील आळशी असतात. एकच जागा धरतात," मामा म्हणाला, आणि त्याच्या वहीत रेघ पडली.

मी हसले. मग हसू ओसरल्यावर पाण्याकडे बघितलं. ते हलत होतं की नाही हे कळायला मी एक काडी टाकली. काडी बराच वेळ विचार करत बसली.

घरी येऊन मी आईच्या टोपलीतून लाल लोकर पळवली. शेपूट कापायची नव्हती ना? नाही कापली. मधल्या मंगळवारी शाळेला दांडी मारून मी एकटी उजव्या काठाने चालले आणि शुक्रवारच्या आधी मेलेल्या, मऊ पडलेल्या प्रत्येक माशाच्या कल्ल्यातून लोकरीचा एक धागा ओवून आत दडवला, वरून दिसणार नाही असा. चौसष्ट मासे. बोटं बधिर झाली होती, पण मी चक्क गाणी म्हणत होते. मला वाटत होतं, ओडेटच्या कोड्याचं उत्तर मी काढणार. त्या उत्तराचं पुढे काय होईल, हे डोक्यातही आलं नाही.

सहाव्या शुक्रवारी मामापेक्षा जरा मागे राहून मी प्रत्येक कल्ला उघडून बघत गेले. माझ्या काठावर एकाहत्तर मासे होते. बावन्नांच्या कल्ल्यात लाल लोकर.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. गणिताचं उत्तर बरोबर आलं की होतो तसा.

"मामा!" मी ओरडले. "बावन्न! एकाहत्तरातले बावन्न जुनेच आहेत!"

मामा नदी ओलांडून आला. त्याच्या लहानपणी इथे दोर धरल्याशिवाय ओलांडता येत नसे. आता पाणी त्याच्या घोट्यालाही लागलं नाही. त्याने माझ्या हातातला मासा घेतला, कल्ला उचलला, धागा बघितला. हे कुणी केलं वगैरे काही विचारलं नाही. मासा नेहमीसारखा दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला, तोंड समुद्राकडे. आणि वाट बघितली.

मासा होता तिथेच राहिला.

मामाने तळव्याने त्याला थोडं पुढे ढकललं. तो जरासा वळला आणि दगडाला टेकून थांबला.

"पाऊस पडेल," मामा म्हणाला. "पडला की जातील सगळे."

"गेल्या वर्षीपण पाऊस उशिराच—"

"टिटवे, गप."

तो ओंडक्यावर बसला, टोपी काढून त्याने ती गुडघ्यावर उलटी ठेवली. त्याचे केस विरळ झालेले मी पहिल्यांदाच बघितले.

"गेल्या वर्षी उशिरा होता," तो म्हणाला. "आदल्या वर्षीही. म्हणजे पाणी जितकं कमी..."

"तितका आकडा मोठा," मी म्हटलं. मला गप्प राहता आलं असतं.

त्याने वही उघडली, मिटली, खिशात घातली. उरलेले दोन शुक्रवार आम्ही नेहमीसारखेच चाललो, नेहमीसारख्याच रेघा मारल्या, आणि गावसभेच्या फळ्यावर त्याने त्या आठवड्याचे आकडे नेहमीसारखेच लावले. मी विचारलं तर एवढंच म्हणाला, "आकडा माझा आहे. सभेत मी सांगेन, माझ्या तोंडाने. तोवर तू कुणाजवळ तोंड उघडायचं नाही. ओडेटजवळही नाही."

"नाही उघडणार."

"बघू," तो म्हणाला.

नाही उघडलं. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब तीन आठवडे.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, दुपारी, सभागृहात सगळं गाव. फळ्यावरच्या आकड्यांची बेरीज करता येत नाही असं कुणी नव्हतं: एक हजार बारा. कोपऱ्यात जाळ्यांचा हा ढीग, त्यावर पोरं उड्या मारत होती. ओडेट आकडा अधिकृतपणे लिहून न्यायला आली होती, पहिल्या रांगेत मांडीवर फाइल घेऊन बसली होती. लाइलकाकाने आम्हाला दारातच गाठलं.

"काय वेंडल, मासे मोजलेस की भाचीचे शब्द? हजारावर गेले म्हणून विचारतो."

"शब्द असते तर लाखावर गेले असते," मामा म्हणाला. सगळे हसले. मामाचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो हात जड होता.

तो बोलायला म्हणून पुढे गेला, घसा खाकरला. आणि तेवढ्यात लाइलकाकाच्या दोघी बहिणी मागून आल्या आणि त्यांनी मामाच्या खांद्यांवर पांघरूण घातलं. लाल काठाचं, लोकरी, नवं कोरं. अकरा वर्षांच्या कामाचा मान म्हणून. टाळ्या वाजल्या, ढोल वाजला, म्हाताऱ्यांनी उभं राहून हात वर केले.

आमच्यात ज्याच्या अंगावर पांघरूण घालतात तो बोलत नाही. त्याने उभं राहायचं. बोलायचं ते त्याच्या घरातल्या कुणीतरी, त्याच्या वतीने. मामाचं तोंड उघडलेलं होतं, ते त्याने मिटलं. लाइलकाका हसून म्हणाला, "बोल वेंडल, कोण बोलणार तुझ्यातर्फे?"

मामाने आईकडे बघितलं. आई चार लोकांत पाणीसुद्धा मागत नाही. तिने मान खाली घातली. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेले तसा अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाला, "बोल, टिटवे."

काय बोलायचं, ते सांगितलं नाही.

तीनशे लोकांसमोर वीस मिनिटं बोललेली मी, आणि समोर जेमतेम शंभर, सगळे ओळखीचे, आणि मला एक वाक्य निवडता येईना. आभार मानायला दोन वाक्यं पुरली असती. तेच हवं होतं का त्याला? तोंड उघडायचं नाही म्हणाला होता. मग मलाच का बोलावलं? मी वळून त्याच्याकडे बघितलं, तर तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. लाइलकाकाच्या बोटांना दोऱ्याने कापल्याच्या बारीक बारीक रेघा होत्या. पुढच्या पानगळीत ही जाळी पाण्यात पडली असती. नदीत उरलेले ते थोडे मासे एका सकाळीत वर आले असते, आणि आम्ही सगळे आनंदाने ओरडलो असतो.

"आकडा चुकलाय," मी म्हटलं.

कुणीतरी हसलं. मी पुढे बोलत राहिले. माझा आवाज मलाच बारीक ऐकू येत होता. शेपट्या कापलेल्या नाहीत हे सांगितलं, लोकर सांगितली, एकाहत्तर आणि बावन्न सांगितलं. पाणी वाहत नाही म्हणून तोच मासा तीन तीन, चार चार वेळा वहीत येतो हे सांगितलं. नदी जितकी वाईट, तितका आकडा चांगला. जाळ्यांवरची पोरं तेवढी अजून उड्या मारत होती.

"खाली बसवा पोरीला," मागून एक जण म्हणाला.

लाइलकाकाची थोरली बहीण उठली. "म्हणजे आमच्या नदीत शेपट्या तोडायला हव्या होत्या? असं म्हणतेस? वेंडलने चूक केली?"

मी मामाच्या हातांकडे बघितलं, मासे आडवे ठेवणाऱ्या.

लाइलकाकाने तिला हाताने थांबवलं. "मग किती?" त्याने मला नाही, ओडेटला विचारलं. "खरे किती?"

ओडेटने फाइलच्या पाठीवर आकडेमोड केली. "दोनशे चाळीसच्या आसपास. कदाचित कमीच."

"आणि गेल्या वर्षी? आदल्या वर्षी?"

"ते सांगता येणार नाही. खूणच नाहीये. अकरा वर्षांतलं काहीच आता..." तिने फाइल मिटली.

म्हणजे नदी कधी आजारी पडली, किती मासे होते, कधी कमी व्हायला लागले, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. मामाची अकरा वर्षं एका वाक्यात पुसली गेली, आणि मामा पांघरुणात उभा होता. पांघरूण ज्यांनी घातलं त्यांनीच काढायचं असतं. त्या दोघींपैकी कुणी जागची हलली नाही. लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले, पोरांना जाळ्यांवरून खाली ओढायला लागले, लाइलकाकाने पहिलं जाळं खांद्यावर टाकलं आणि दाराबाहेर गेला, तरी मामा उभाच. शेवटी त्याने स्वतःच्या हाताने ते उतरवलं, काठाला काठ लावून नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवलं आणि मागच्या दाराने निघून गेला.

जाळी आठ वर्षांसाठी बंद झाली. मोजणीचं काम मामाने सोडलं; कुणी काढायच्या आधीच मोजणीच्या सामानाच्या पेटीची किल्ली आणि वही ओडेटच्या गाडीच्या काचेला अडकवून आला. आमच्याकडे जेवायला यायचा बंद झाला. आई ताट वाढून ठेवायची, मग मीच खायचे. दुकानात लोक माझ्याशी बोलायचे, नाही असं नाही, पण आधी जरा थांबायचे. एकदा मामा समोरून आला तर मी दहा वाक्यं तयार केली होती. तो "गार पडलंय" म्हणाला आणि पुढे गेला. त्याला सभेत नेमकं काय हवं होतं, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटत होती की तो सांगेल.

पाऊस नाताळात आला. एका आठवड्यात सगळे मेलेले मासे वाहून गेले, लोकरीसकट.

जानेवारीत ओडेट आणि मी अंडी बघायला गेलो. नोव्हेंबरात आम्ही माशांनी गोट्यांत अंडी घातलेल्या नऊ घरट्यांच्या जागा झाडांपासून पावलं मोजून लिहून ठेवल्या होत्या. गोट्यांत नळी खुपसायची, हातपंपाने पाणी आत सोडायचं, की खालची अंडी उसळून वर येतात आणि बारीक जाळीत अडकतात. जिवंत अंडं नारिंगी असतं आणि आतून दोन काळे डोळे दिसतात. मेलेलं पांढरं, दुधाच्या थेंबासारखं.

पहिल्या घरट्यातून पांढरी आली. दुसऱ्यातून पांढरी, गाळात माखलेली, बुरशी धरलेली. तिसऱ्यातून नुसता गाळ. एका घरट्यात मादी अडीच हजार अंडी घालते. चौथं, पाचवं, सहावं. आठव्यानंतर तिने पंप माझ्याकडे दिला आणि पाठ वळवून नाक पुसलं.

नवव्यातून काही नारिंगी आली.

मी ती पांढऱ्या तबकात वेगळी काढून मोजत होते, तेव्हा काठावर फांदी मोडल्याचा आवाज झाला. मामा होता. खिशात हात घालून, मोजणीचे लांब बूट घालून उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"किती?" त्याने विचारलं.

"सदतीस."

"या घरट्यात?"

"नवांत मिळून."

तो पाण्यात उतरला. आता पाणी होतं, गुडघ्याच्या वर, गढूळ, कॉफीसारखं. माझ्याजवळ येऊन वाकला आणि तबकात बघितलं.

"परत मोज," तो म्हणाला.

दोनदा मोजलंय, असं म्हणणार होते. नाही म्हटलं. चमच्याच्या टोकाने एकेक अंडं बाजूला सारत मी मोठ्याने मोजायला लागले, आणि तो माझ्याबरोबर तोंडातल्या तोंडात मोजत होता. सदतीसवर मी थांबले.

"छत्तीस," मामा म्हणाला. त्याने बोट नेलं, पण अंड्याला लावलं नाही. "हे कडेचं बघ. डोळे नाहीत त्याला. रंग अजून गेला नाही इतकंच."

मी तबक उजेडाकडे धरलं. त्याचं बरोबर होतं. वहीतलं सदतीस खोडून मी छत्तीस लिहिलं.